एकोणचाळीस लाडू, चाळीस तोंडं

"टोपलीत लाडू एकोणचाळीस! माणसं चाळीस! मग प्रत्येकाला काय?" दुर्जयराजाने विचारलं.

"भोपळा, महाराज!" तलावाच्या कामावरचे चाळीसही जण कंटाळून म्हणाले.

रोज दुपारी हाच तमाशा. राजाचा कायदा होता: सगळ्यांना सारखं, लाडू फोडायचा नाही, वाटून उरेल ते राजाचं. आणि हा लबाड आचाऱ्याला सांगतानाच एक लाडू कमी सांगायचा! मग वाट्याला कुणाच्या काहीच येत नसे. सगळी टोपली उरायची आणि राजा ती बसल्या जागी फस्त करायचा.

चाळिसावी होती गोजरा, पाणी पाजणारी. तीन महिने नुसता तुपाचा वास घेऊन तिचं डोकं फिरलं होतं.

"महाराज, रोजच्या एवढ्याच लाडवांत सगळ्यांचं तोंड गोड करून दाखवते!"

"लाडू वाढवायचा नाही, माणूस घटवायचं नाही, कायदा मोडायचा नाही!" राजा गुरगुरला. "जमलं नाही तर साऱ्यांची दुपारची सुट्टी बंद!"

सगळे गोजराला 'नको, नको' अशा खुणा करू लागले. पण आता माघार कसली?

"कबूल! फक्त वाटायचं कधी, ते मी ठरवणार."

"खुशाल ठरव! येणार भोपळाच!"

"मग आज नाही वाटत."

राजाने टोपलीकडे हात नेला, तशी तिने ती पदराखाली ओढली. "अहो, वाटल्याशिवाय उरतील कसे?"

राजा हात चोळत परतला.

दुसऱ्या दिवशी नवी टोपली आली. गोजराने ती जुनीत ओतली. "झाले अठ्ठ्याहत्तर! घ्या रे एकेक!"

चाळीस तोंडं एकदम हलू लागली. गोजराने तर पहिल्याच घासाला डोळे मिटून घेतले.

राजाने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. कायदा कुठेच मोडला नव्हता! "पण दोन दिवसांचे मिळून माझे अडतीसच उरले!" तो कळवळला.

"माझीच घाई झाली, महाराज. चाळीस दिवस थांबले असते, तर आम्हाला प्रत्येकी एकोणचाळीस आले असते आणि भोपळा तुम्हाला!"

राजा असा हसत सुटला, की पोट धरायला त्याचे दोन हात पुरेनात.

"आचाऱ्याला सांगा, उद्यापासून रोज एकोणऐंशी लाडू! यांना एकेक, माझे एकोणचाळीस मला! आणि हे अडतीस... न्या गोजराच्या घरी, माझं मन बदलायच्या आत!"