सुरातली जी जी

डफावर थाप पडली की म्हाताऱ्या कोंडिबाच्या ओठांवर आजही आपोआप 'जी जी' येतं आणि हैबती शाहीर डोळ्यांपुढे उभा राहतो. शाहिरामागे झील धरणारे चौघे होते. आता उरलाय एकटा कोंडिबा.

एका दसऱ्याला इनामदारांनी पोवाडा ठेवला होता. या चौघांना पाहताच त्यांनी नाक मुरडलं.

"शाहीर, गाणार तुम्ही. हे मागं नुसतं 'जी जी' करणार. यांना कशाला पोसायचं? धाडा परत!"

कोंडिबाचा चेहराच उतरला. शाहिरानं मात्र शांतपणे डफ खाली ठेवला.

"धाडतो की, सरकार. पण आधी तुमच्या सदरेवरचे धाडा. तेही नुसतं 'जी जी'च करतात. माझे निदान सुरात करतात, आणि मी चुकलो तर सावरून घेतात."

इनामदार भडकले. सदरेकडे वळून गरजले, "काय रे, तुम्ही नुसतं 'जी जी' करता?"

अख्खी सदर एका दमात म्हणाली, "जी सरकार!"

इनामदारांनाच हसू फुटलं. पोवाडा पहाटेपर्यंत रंगला, चौघांसकट.

"खरं सांगू?" कोंडिबा अजून डोळे पुसत हसतो. "एवढी एका आवाजातली झील आम्हा चौघांनाही कधी साधली नाही!"