सगुणेचा दंड

न्यायाधीश अप्पासाहेबांचा घोडा गोधड्यांना बुजला, तिथून ही भानगड सुरू झाली. सगुणा शिंपिणीने त्या गोधड्या कचेरीच्या कठड्यावर वाळत घातल्या होत्या. वाऱ्याने त्या फडफडल्या आणि अप्पासाहेब धपकन खाली आले. तसेच धूळ झटकत ते कचेरीत गेले, सगुणेला बोलावलं आणि पंचवीस रुपये दंड ठोठावला. आजच्या आज भरला नाही, तर तिची शिवणाची पेटी जप्त!

"सरकार, दंड कबूल आहे, पण थोडी मुदत द्या," सगुणा म्हणाली.

"मुदत?" अप्पासाहेब गरजले. "दंड म्हणजे काय, ते तरी कळतं का तुला?"

"न कळायला काय झालं? जन्म त्यातच गेला. लुगडं मधेच विरलं, की विरलेला भाग कापून दोन धड तुकडे जोडायचे, त्याला आम्ही दंड घालणंच म्हणतो. मग ते आणखी दोन वर्षं निघतं. पण दंड एकेक टाका घेऊनच घालावा लागतो, सरकार. अन् सुईच काढून घेतलीत, तर घालू कशानं?"

कचेरीत खसखस पिकली. अप्पासाहेबांनाही हसू आवरेना. "बरं, पेटी ठेव. महिन्याला एक रुपया भर."

सगुणेने हात जोडले आणि हळूच म्हणाली, "सरकार, पडताना आपलं धोतर फाटलंय. या महिन्याच्या रुपयात तेवढं जोडून देते."

त्या दिवशी कचेरीत दोन दंड झाले. एक सगुणेला, दुसरा अप्पासाहेबांच्या धोतराला.