सारजा कुंभारणीचे ठसे

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सारजा नावाची कुंभारीण राहत असे. तिला एक जगावेगळा नाद होता. ओढ्याकाठच्या चिखलात जनावराच्या पावलाचा ठसा दिसला, की ती तो चिखलासकट अलगद उचलून आणी आणि मडक्यांबरोबर आव्यात भाजून काढी. ससा, मुंगूस, भेकर, बिबट्या, सगळ्यांची पावले तिच्या घरात मांडलेली. जनावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठशाला नाव द्यायचे नाही, हा तिचा नेम. त्यासाठी ती तासन्‌तास झुडपाआड बसे.

लोक तिची थट्टा करीत. "सारजे, गिऱ्हाईक गाडगी मागतं, कोल्ह्याचे पाय न्हाई!"

पुढे गावातल्या शेळ्या नाहीशा होऊ लागल्या. पाटील जन्मात कधी ओढ्याकाठी बसले नव्हते, पण बिबट्याबद्दल त्यांना सगळे ठाऊक होते. ते म्हणाले, "ह्यो बिबट्याच. उद्या डोंगर पेटवा, म्हंजी जाईल पळून."

सारजाने डोंगराकडे पाहिले. वाळले गवत, वाऱ्याचे दिवस! भेकरांची पाडसे, लावरीची अंडी, सगळ्यांची राख होणार. ती तडक शेळ्यांच्या खोपटाकडे धावली आणि दाराजवळच्या ओल्या मातीवर नजर रोखून बसली.

दुसऱ्या दिवशी गाव पलिते घेऊन निघाले, तर वाटेत सारजा उभी. हातात घरातला, भाजून ठेवलेला बिबट्याचा ठसा.

"सारजे, बाजूला हो!" पाटील गरजले.

"पाटील, बिबट्या मांजरावानी नखं आत वढून चालतो. ह्या ठशात नख दिसतंय का? आन्‌ खोपटाच्या दारात बघा, बोटाबोटाम्होरं नखं उमटल्यात. कुत्री हायती ती."

"कुणाची कुत्री?"

"माग काढा की. मी कशाला सांगू?"

माग निघाला तो थेट पाटलांच्या परसात. तिथे त्यांची दोन लाडकी शिकारी कुत्री कडब्याच्या गंजीमागे शेळीचे हाड चघळत बसली होती.

पाटलांचा चेहरा खर्रकन उतरला. पण माणूस दिलदार. त्यांनी आपला पलिता स्वतःच्या हाताने हौदात बुडवला आणि भर गावासमोर हात जोडले. "सारजाबाई, चुकलो. डोंगर तुमच्यामुळं वाचला."

लोकांनी एकच जल्लोष केला. सारजाला हसू आवरेना अन् रडूही आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्यावर गेली, तेव्हा निम्मे गाव तिच्यामागून चालले होते. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर, आणि जो तो पाऊल जपून टाकत होता. सर्वांत मागे पाटील होते.

तात्पर्य: न पाहता दोष देणारे शंभर असले तरी नीट पाहणारा एकच खरा ठरतो, म्हणून आधी पाहावे, ओळखावे, मगच बोलावे.