कळकीच्या अळणी कण्या

निरोप आला तो दिवस साधाच होता, असे कळकीत सांगतात. चैत्र वद्य पंचमी, दुपारची वेळ. ओढ्याकाठी चर खणून चूल पेटवलेली आणि तिच्यावर तीन हंडे चढवलेले. त्यांत ज्वारीच्या कण्या रटरटत होत्या.

तो ओढा आजही वरची कळकी आणि खालची कळकी या दोन गावांच्या शिवेवरून वाहतो. त्याच्या काठाला एक काळी, सपाट शिळा आहे. मधोमध ओंजळभर खोलगट. तिला मिठाची शिळा म्हणतात. वर्षातून एकदा, याच पंचमीला, दोन्ही गावे इथे एका पंगतीला बसतात. जेवणात कण्या, ताक आणि मीठ, एवढेच. चौथा जिन्नस चालत नाही. लसणाची पाकळीसुद्धा नाही.

माझ्या पत्नीला कमी जिनसांचे पदार्थ जमवायची आवड होती. वही होती तिची. बारा वर्षांपूर्वी ती एका मैत्रिणीबरोबर या पंगतीला जेवून गेली होती. यंदा, ती गेल्यानंतर, मी ती वही घेऊन गेलो.

पंगतीचा स्वयंपाक गजराआक्का बघतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आवाज खणखणीत. पुण्याहून आलेले एक जोडपे आणि मी, असे आम्ही तिघे पाहुणे चुलीजवळ उभे राहिलो, तर त्यांनी आधी आम्हाला बाजूला सरकवले.

"धूर खायला आलाय का कण्या? येवढ्या लांबनं आलासा, तुमच्याकडं जोंधळा मिळत न्हाय व्हय?"

पुण्याच्या बाईंनी कृती विचारली. आक्का हसल्या. "किरती कसली त्यात! पाणी उकाळलं की कण्या वैरायच्या. गुठळी होऊ द्यायची न्हाय. मऊ झाल्या की हंडा उतरायचा आन् मग ताक. चुलीवर ताक घातलं की फुटतंय. झालं."

"आणि मीठ?"

"मीठ न्हाय घालायचं," आक्का म्हणाल्या, आणि उलथन्याला चिकटलेल्या कण्या निपटत त्यांनी पुढचे सांगितले. त्यांना ते त्यांच्या आजेसासूकडून कळले होते.

फार पूर्वी या ओढ्याच्या पाण्यावरून दोन्ही गावांत वैर होते म्हणे. वरचे लोक बांध घालत, खालच्यांची गुरे तहानेने मरत. दोनदा तह ठरला आणि दोनदा पंगतीतच मोडला. एकदा वाढण्यात भेदभाव झाला म्हणून, एकदा पक्वान्ने कुणाची चांगली यावरून. तिसऱ्या वेळी जाणत्यांनी ठरवले की जेवणात प्रत्येक घरात असते तेवढेच असावे. मूठभर कण्या, लोटीभर ताक, चिमूटभर मीठ. आणि रांधायला ठकूबाई. तिचे माहेर खालच्या गावात, सासर वरच्या, म्हणून तिच्या हातचे दोघांनाही चालणार होते. ही पंगत पार पडली तर बांध फुटणार होता. मोडली तर खालचे गाव त्या महिन्यात उठून दुसरीकडे जाणार होते. सामान बांधूनच ते जेवायला आले होते, असे सांगतात.

मीठ मात्र दोन्ही गावांत संपले होते. ठकूबाईचा एकुलता एक मुलगा केरबा बैल घेऊन घाट उतरून कोकणात मीठ आणायला गेला होता. त्या दुपारी पोहोचतो म्हणाला होता. कण्या शिजत आल्या, आणि दोन बैल दिसले. बैलांमागे केरबा नव्हता. त्याचा सोबती हणमा होता.

हणम्याने मिठाचे पोते ठकूबाईच्या पायाशी उतरवले आणि हळूच सांगितले. घाटात तिसऱ्या बैलाचा पाय घसरून तो दरीत गेला. कासरा केरबाच्या हाताला गुंडाळलेला होता.

"आनी कुणाला बोललास?" ठकूबाईने विचारले म्हणे.

"कुणाला न्हाय, काकी. आदी तुमच्याकडंच आलो."

"मग पंगत उठंस्तवर बोलू नगंस. सावलीला बस. कुणी इचारलं तर दमलोय म्हन."

निरोप ऐकला की सुतक लागते. वरच्या कळकीतली निम्मी घरे तिच्या भावकीतली. बोलली असती तर शिजलेले अन्न ओढ्यात ओतावे लागले असते आणि पंगत मोडली असती. ती बोलली नाही. हंडे उतरवले, ताक ओतले, वाढायला सांगितले.

पहिला घास घेऊन खालच्या गावचे तुकाजीबाबा थांबले. त्यांनी पत्रावळ बाजूला सारली.

"अळणी हाय."

वरच्या गावातल्या कुणीतरी थट्टा केली, "बाबा, जिभंला चव न्हाय उरली तुमच्या."

"जीभ धड हाय माझी. पोतंभर मीठ समोर पडलंय आन् आमाला अळणी वाढताय? आमी तुमचं मीठ खाल्लं असं व्हायला नगं, म्हंजी उद्या तुमी सबूद फिरवायला मोकळं! उठा रं!"

खालची पंगत उठू लागली. तेव्हा ठकूबाईने पोत्याचे तोंड सोडले आणि शिळेवर मीठ ओतले.

"बाबा, मी वाढलं तर वरच्यांचं झालं असतं," ती म्हणाली. "शिवंवरच्या दगडावर ठेवलंय. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं. मग दोन्ही गावांनी येकच मीठ खाल्लं असं हुईल."

तुकाजीबाबांनी पत्रावळ पुन्हा पुढ्यात ओढली. मग ते शिळेपाशी गेले, चिमूट घेतली आणि परत येऊन पत्रावळीपाशी बसले. त्यांच्यामागे बाकीचे.

सगळ्यांनी हात धुतल्यावर ठकूबाईने केरबाचे सांगितले. त्याच दिवशी बांध फुटला, आणि संध्याकाळच्या आत दोन्ही गावांतले पुरुष मिळून केरबाला आणायला घाट उतरले.

"पण सुतकात रांधलेलं जेवले की सगळे," पुण्याचे गृहस्थ म्हणाले.

"त्ये पाप तिनं आपल्या अंगावर घेतलं. पंगतीतल्या कुणी तिला बोल लावला न्हाय."

"आणि मीठ? दुःखात घालायचं विसरल्या असतील."

"लोक तसंच म्हनत्यात." आक्कांनी हंड्यावर झाकण ठेवले. "इसरंल कशी? पोतं पायाशी हुतं. दगडावर ठिवायचं तिला मागनं सुचलं, बाबा उठल्यावर. आदी नुसतंच हात घालवंना पोत्यात. पोरानं आणल्यालं."

आक्कांनी पुण्याच्या बाईंच्या हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा दिला. "उभ्या काय ऱ्हायलासा? मांडा."

पंगत बसली. आम्ही शिळेपाशी रांगेने गेलो आणि आपापली चिमूट घेतली. कण्या गरम होत्या, ताक आंबट होते. चुलीजवळ एक पत्रावळ वाढून ठेवलेली होती. तिला कुणी हात लावत नाही. ठकूबाई त्या दिवशी जेवली नव्हती, असे सांगतात.

वहीत त्या पानावर पत्नीने नीट लिहिले आहे: कण्या दोन वाट्या, पाणी आठ वाट्या, ताक तीन वाट्या, गॅसवरून उतरवल्यावरच. खाली, वेगळ्या शाईत: "हंड्यात मीठ का नाही? विचारायचे राहिले."

आजही कळकीत कण्यांच्या हंड्यात मीठ पडत नाही. आता मला कारण माहीत आहे. त्या ओळीपुढे मी काही लिहिलेले नाही.