पाणी प्यायलेली नाव

ही गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कुणीही ती डोळ्यांनी पाहिलेली नाही; नदीवर पूल नव्हता त्या काळची ती. कासवतात्यांची नाव उतारूंना पैलतीरी नेत असे. बगळ्यांच्या जातीतल्या ढोकरीबाई नावेच्या तपासणीला येणार होत्या आणि नाव गळली तर ती कायमची बंद होणार होती. म्हणून तात्यांनी ती आठवडाभर उन्हात ठेवून कुंचल्याकडून झळझळीत निळी करून घेतली.

नावेतले पाणी उपसणाऱ्या डबड्याला मात्र फळ्यांमधल्या फटी दिसल्या. लाकूड वाळून आक्रसले होते.

"तात्या, नावेत काठोकाठ पाणी भरा," ते म्हणाले.

कुंचला खो खो हसला. "जन्मभर पाणी बाहेर फेकलंस, आणि आता आत ओतायचं म्हणे! ऊन लागलं वाटतं. आणि माझा रंग?"

"रंगावर उतारू बसत नाहीत, बाबा. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी मिटतात."

तात्यांनी एकदा त्या निळाईकडे पाहिले आणि डबडे उचलले. गळून जाई तेवढे पाणी ते पुन्हा ओतत राहिले. रंगाचे पापुद्रे सुटले. दुसऱ्या दिवशी गळतीही थांबली.

तिसऱ्या दिवशी डबड्याने सारे पाणी उपसले. दहा शेळ्या चढल्या, नाव भर प्रवाहात गेली. ढोकरीबाईंनी तळाला चोच लावली. तळ कोरडा ठणठणीत!

"पास!" त्या म्हणाल्या. काठावर एकच जल्लोष झाला आणि तात्यांनी डबड्याला नावेच्या नाकावर मानाने बसवले.

तपासणीच्या कागदावर रंगाच्या रकान्यात बाईंनी काय लिहिले, हे मात्र कुंचल्याला आजवर कळलेले नाही.