रिकाम्या खुर्चीवरच्या किल्ल्या

एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एकदा असं घडलं. तिथे शालन नावाची परिचारिका होती. सतरा वर्षं झाली, नोकरीला लागली त्याच पदावर ती होती. तिच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर निवृत्त होऊन नऊ वर्षं लोटली, पण ती जागा भरली नाही. रुग्णालयाचे मोठे डॉक्टर साहेब शालनला एवढंच म्हणाले होते, "तोवर तुम्ही बघा."

ती बघू लागली. कपाटांच्या किल्ल्या तिच्या कमरेला, ड्यूटीचा तक्ता तिच्या हातचा. एक चादर हरवली तरी जाब तिलाच. बसायची मात्र स्टुलावर. इन्चार्जच्या खुर्चीवर बसणार कशी, ऑर्डर नव्हती ना. मागितली की साहेब हसत. "अहो, तुम्ही या वॉर्डच्या आई. आईला कुठे ऑर्डर लागते?"

मग बढतीची यादी लागली. तीत शालन नव्हती. इन्चार्जच्या कामाचा अनुभव कागदावर शून्य.

ती आपल्या वृद्ध गुरूंकडे, नर्सिंग शिकवणाऱ्या निवृत्त बाईंकडे गेली. याच बाईंनी तिला इंजेक्शनची सुई धरायला शिकवलं होतं.

"बाई, जीव रमत नाही आता. राजीनामा देते."

"दे की. पण उद्या सकाळी मी येते, मग दे."

बाई आल्या. शालनने रुग्णांची औषधं दिली, तातडीच्या औषधांचा ट्रे भरून बाहेर ठेवला. तो बाईंनी स्वतः तपासला. मग शालनच्या कमरेचा जुडगा काढून त्यांनी रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"आता तुझ्या खाटा सांभाळ. किल्ल्या कोणी मागितल्या, तर खुर्ची दाखव."

शालनला काहीच उमजेना. वॉर्डबॉय मामा चादरी मागायला आले, खुर्चीकडे बघून तसेच परत फिरले. जुडगा जो उचलेल, त्याच्या गळ्यात सगळं कपाट. दुसऱ्या सिस्टर आल्या, त्याही फिरल्या. दहाच्या राउंडला साहेब आले.

"हे काय, सिस्टर? उचला त्या किल्ल्या."

"लेखी द्या, सर."

"आई असं वागते का?"

शालन म्हणाली, "आई मी माझ्या घरी आहे, सर. इथे मी सिस्टर आहे."

साहेब म्हाताऱ्या बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही तरी सांगा हिला."

"मीच सांगितलंय," बाई म्हणाल्या.

दुपारी शालनकडे इन्चार्जचं काम सोपवल्याची लेखी ऑर्डर आली. पण तिच्यावर तारीख त्या दिवसाचीच होती.

"मागची नऊ वर्षं गेलीच की, बाई."

"त्यांच्यासाठी वेगळं भांडू. पण पोरी, एक समजून घे. तू ती खुर्ची इतकी नीट भरलीस, की ती रिकामी आहे हे कोणाला दिसलंच नाही. आज तासाभरात सगळ्यांना दिसली. रुग्णाच्या कपाळावर हात ठेवताना तुला कधी कंटाळा आला का?"

"नाही."

"मग जीव कामावरून उडालेला नाही. कामाला नाव नाही, म्हणून तू शिणलीस. सेवा करावी, अगदी मनापासून करावी. पण सेवेच्या नावाखाली कोणी आपला हक्क मुकाट दाबत असेल, तर हात थांबवून त्याला ती रिकामी जागा दाखवावी. त्यानं सेवा बाटत नाही."

शालनने जुडगा कमरेला अडकवला, स्टूल भिंतीकडे सरकवलं, खुर्ची पुढे ओढली आणि ती बसली.

मग एक कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं: 'विषय – मागील नऊ वर्षांबाबत.'