वासराएवढ्या खारी

एका डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठावर, एक कोल्हा राहत असे. त्याच्याबरोबर एक कोल्हीणही राहत असे. ती मोजके बोलायची, पण बोलली की कोल्ह्याला बराच वेळ दुसरे काही सुचत नसे. त्यांच्या बिळासमोर कासवाच्या पाठीसारखा एक मोठा काळा खडक होता आणि खडकाच्या पलीकडे एक जुना आंबा. कधीतरी वादळात हा आंबा कलंडला होता, पण मेला नाही. ओढ्यावर आडवा पडून, फांद्या आभाळाकडे काढत तो तसाच वाढत राहिला. मुलांनो, हा खडक आणि हा आंबा नीट लक्षात ठेवा. कोल्ह्याने ठेवले नाहीत, म्हणून तर ही गोष्ट घडली.

कोल्ह्याचे तसे बरे चालले होते. ओढ्यात खेकडे होते, बांधावर उंदीर होते, अधूनमधून एखादा सरडाही मिळायचा. खार मात्र त्याला आजवर मिळाली नव्हती. खार दिसायची रोज, पण तो पुढे झाला की ती शेंड्यावर आणि हा खाली मान वर करून उभा. मान दुखायला लागली की तो म्हणायचा, "आज तशी भूक नव्हतीच."

आंब्याला मोहोर आला होता तेव्हाची गोष्ट. कोल्हा सहज त्या आडव्या खोडाजवळून चालला होता. खोडात एक ढोली होती आणि ती इतकी खाली होती की कोल्ह्याचे नाक अलगद आत गेले. आत कापूस, गवत आणि काथ्याची मऊ गादी होती, आणि गादीवर खारीची तीन पिल्ले एकमेकांच्या अंगावर झोपलेली. त्यांचे डोळेसुद्धा अजून उघडले नव्हते. कोल्ह्याच्या तोंडाला पाणी सुटले.

तेवढ्यात खार आली. शेपटी फुलवून ती खोडावर उभी राहिली आणि तिच्या काळजाचे पाणी पाणी झाले. एक पिल्लू तोंडात धरून पळावे, तर मागच्या दोघांचे काय? कोल्ह्याशी लढावे, तर ती सगळी मिळून कोल्ह्याच्या एका पंजाएवढी. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत, पायांत बळ येईपर्यंत तिला थोडे दिवस हवे होते. बाकी काही नको होते. पण ते दिवस मागायचे कोणाकडे? समोर उभ्या असलेल्या कोल्ह्याकडेच!

"कोल्होबा, खायचं तर खा," ती म्हणाली. "पण एवढं सांगा, उद्या कोणी विचारलं, खार कुठे मारलीत, तर काय सांगणार? घरासमोर? झोपेत?"

"कोण विचारतंय?" कोल्हा म्हणाला. पण त्याने नाक जरासे बाहेर काढले.

"विचारतात हो! शिकारी म्हटला की लोक आधी तेच विचारतात. खरे शिकारी परमुलखात जातात. रोज नवी वाट, रोज नवं पाणी, वाऱ्याला वेगळाच वास. मग शिकार खारीएवढी का असेना, ती सांगायला बरी वाटते. तुम्ही हा डोंगर कितीदा ओलांडलात?"

कोल्ह्याने डोंगर एकदाही ओलांडला नव्हता. तो इकडेतिकडे पाहू लागला. "मनात फार आहे," तो म्हणाला. "सवड होत नाही."

"आता आहे की सवड. पलीकडे सागाचं रान आहे आणि त्यात खारीच खारी. ही माझी पिल्लं म्हणजे नुसती कातडी. दातात अडकतील."

कोल्हा विचारात पडला. डोळ्यांसमोर त्याला स्वतःचीच छबी दिसू लागली. अंगावर परमुलखाची धूळ आहे, तोंडात खार आहे आणि सगळे रान वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बघते आहे. हे चित्र त्याला एवढे आवडले की त्यातली खार लहान आहे की मोठी हेसुद्धा त्याने पाहिले नाही. तरी जाता जाता त्याने विचारले, "आणि मी येईपर्यंत तुम्ही इथून पळून गेलात तर?"

"आम्ही कुठे जाणार?" खार म्हणाली. "आमचं घर इथेच आहे. तुम्ही याल तेव्हा आम्ही याच झाडावर असू. शब्द देते."

कोल्हा निघालेला पाहून कोल्हिणीने विचारले, "अहो, कुठे निघालात?"

"शिकारीला. परमुलखात."

"काय आणणार?"

"खार."

कोल्हिणीने समोरच्या आंब्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिले. "बरं," ती म्हणाली. "उन्हाचं जपून."

खोटे कशाला सांगू, प्रवास मोठा मजेचा झाला. पळस फुलला होता. कोल्हा खिंडीत उभा राहिला तेव्हा त्याला पहिल्यांदाच डोंगराची दुसरी बाजू दिसली आणि तो नुसता बघत राहिला. अनोळखी ओढ्यांचे पाणी तो उगाचच चाखून पाहायचा. वाटेत दिसेल त्याला "परमुलखात चाललोय" असे सांगायचा, आणि समोरच्याने "वा!" म्हटले की त्याची चालच बदलायची. घरी असताना त्याला असे "वा!" कोणी म्हटले नव्हते. आपण आधीच का निघालो नाही, असे त्याला वाटले, आणि ते चुकीचे नव्हते.

सागाच्या रानात खारी होत्या, अगदी खूप होत्या. पण सागाने पाने गाळली होती. सुपाएवढाली वाळकी पाने जमिनीवर पसरली होती आणि कोल्ह्याने पाऊल टाकले की असा कर्रकन आवाज व्हायचा की पलीकडच्या टेकडीवरच्या खारीही दचकून वर चढायच्या. तो पंजे उचलून चालला, पोटावर सरपटला, शेवटी लोळतसुद्धा गेला. लोळल्यावर तर आवाज दुप्पट झाला. वरच्या फांदीवरून एक खार म्हणाली, "पाहुणे, कुठून आलात?"

केसांत काटक्या, कानात पान, आणि वर सगळ्या खारी खो खो हसताहेत. अशा वेळी माणूस असो की कोल्हा, थाप मारतोच. "मी मोठ्या खारींच्या मुलखातला," कोल्हा ताठ बसून म्हणाला. "आमच्याकडच्या खारी सशाएवढ्या असतात. त्या खाऊन कंटाळलो. म्हटलं, जरा बारीकसारीक बघावं."

"मग आमच्यावर कशाला वेळ घालवता?" ती खार म्हणाली. "पुढे जा, पुढे."

म्हणून तो पुढे गेला. पुढच्या माळावर काटेसावरीची झाडे लाल फुलांनी भरली होती आणि त्यांवर भोरड्यांचा थवा उतरला होता. भोरड्या म्हणजे मुलुखभर हिंडणारे गुलाबी पाठीचे पक्षी. खाणे आणि बडबडणे ही त्यांची दोनच कामे, आणि ती दोन्ही त्या एकाच वेळी करतात. त्यांनीही विचारले, कुठून आलात? आता थाप एकदा जिभेवर बसली होती. "आमच्याकडच्या खारी बकरीएवढ्या!" कोल्हा म्हणाला. "ओढ्यावर एक आडवा आंबा आहे, त्यावर बसतात. समोर कासवासारखा खडक आहे. तिथून मी पाहतो आणि हवी ती निवडतो."

"अगंबाई!" सगळ्या भोरड्या एकदम म्हणाल्या, आणि उडाल्या. आता भोरड्यांच्या तोंडात पडलेली गोष्ट जशीच्या तशी राहते का? या सावरीवरून त्या पळसावर जाईपर्यंत तिला शेपूट फुटते, आणि त्या पळसावरून पुढच्या वडावर जाईपर्यंत शिंगे.

कोल्हा रमतगमत पुढे चालला होता. खार त्याला कुठेच मिळाली नाही. वाटेत टोळ खाल्ले, गोम खाल्ली, करवंदे पिकली तशी करवंदेही खाल्ली. पोट आत गेले, पण अजून पुढे काहीतरी आहे ही ओढ काही कमी होईना. असाच तो एका मोठ्या तळ्याकाठी पोहोचला. तिथे एक अनोळखी कोल्हा घाईघाईने पाणी पीत होता.

"कुठे निघालात?" आपल्या कोल्ह्याने विचारले.

"शिकारीला. परमुलखात," तो तळ्याकाठचा कोल्हा म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नाही? सूर्य उगवतो त्या दिशेला एक मुलूख आहे. तिथल्या खारी वासराएवढ्या! त्यांच्या वजनानं एक अख्खं झाड आडवं झालंय. इतक्या जड की त्यांना वर चढताच येत नाही, खाली पडून असतात. फक्त दारात एक राक्षसी कासव पहाऱ्याला बसलेलं असतं. त्याला नमस्कार केला की ते आत सोडतं. एका थोर शिकाऱ्यानं हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय म्हणतात."

तुम्ही ओळखलेत ना? ओळखलेच असणार. कोल्ह्याने ओळखले नाही. उलट त्याला स्वतःचा राग आला. एवढा मुलूख पालथा घातला आणि नेमका हाच राहिला! 'सशाएवढी ही माझी थाप होती, बकरीएवढी हीसुद्धा माझीच,' तो मनात म्हणाला, 'पण वासराएवढी तर मी कधी म्हटलं नाही. म्हणजे ही खरी असणार.' तळ्याकाठचा कोल्हा पाणी पिऊन मान वर करतो, तोवर आपला कोल्हा उगवतीची वाट धरून पळत सुटलाही होता.

येताना तो वेगळ्याच वाटेने आला. डोंगर मागच्या अंगाने चढला आणि सकाळच्या वेळी खाली उतरला. समोरून कोवळे ऊन थेट डोळ्यांत येत होते. डोळे किलकिले करून त्याने पाहिले आणि तो जागीच थबकला. खाली ओढा होता. ओढ्यावर झाड आडवे झालेले होते. आणि अलीकडे, सांगितल्यासारखे, भले मोठे काळे कासव बसले होते.

"काय मुलूख आहे!" कोल्हा पुटपुटला. "पाणी कसं चमकतंय! वारा कसा गोड आहे! इथे राहणारा कोण भाग्यवान असेल?"

तो दबकत कासवाजवळ गेला. पुढचे पाय जोडून त्याने जमिनीला डोके टेकले. "कासवमहाराज," तो म्हणाला, "लांबून आलोय. भुकेला आहे. एकच खार द्या, लहानशी चालेल. बकरीएवढी."

"अहो," मागून आवाज आला, "त्या दगडाला नमस्कार कसला घालताय?"

कोल्ह्याने वळून पाहिले. बिळाच्या तोंडाशी कोल्हीण उभी होती. त्याने खडकाकडे पाहिले, आंब्याकडे पाहिले, पुन्हा कोल्हिणीकडे पाहिले. आणि तो मटकन खाली बसला.

मग त्याला ढोली आठवली. निदान ती तरी! तो धावत खोडाशी गेला आणि नाक आत घातले. आत थोडा जुना कापूस होता, बाकी काही नाही. तेवढ्यात टपकन एक कैरी त्याच्या डोक्यावर पडली. मग दुसरी पडली. त्याने वर पाहिले. आंब्याच्या वरच्या फांद्यांतून तीन तरतरीत खारी एकमेकींच्या मागे धावत होत्या. झुपकेदार शेपट्या, पाठीवर ठळक पट्टे, आणि या फांदीवरून त्या फांदीवर अशा उड्या की पाहणाऱ्याला घेरी यावी. त्यांच्या आईला त्यांच्यामागे पळून धाप लागली होती, पण ती इतकी आनंदात होती की धाप लागलेलीही तिला आवडत होती.

"बघा कोल्होबा," ती वरून म्हणाली, "शब्द पाळला. आम्ही कुठेही गेलो नाही. याच झाडावर आहोत. फक्त जरा वर."

कोल्ह्याने मान वर केली. मान दुखायला लागली तशी ती खाली केली. आज तशी भूक नव्हती, असे म्हणायचे त्याच्या ओठांवर आले होते, पण तेवढ्यात त्याचे पोटच मोठ्याने गुरगुरले.

कोल्हीण ओढ्यावर जाऊन खेकडे घेऊन आली. दोघे खायला बसले, तोच डोंगराच्या मागून धापा टाकत तळ्याकाठचा कोल्हा आला. खडकासमोर त्याने वाकून नमस्कार केला आणि विचारले, "वासराएवढ्या खारी इथेच ना? एका थोर शिकाऱ्यानं सांगितल्या होत्या."

कोल्हिणीने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने खेकड्याची नांगी चावता चावता मान खाली घातली, आणि मग त्याचे त्यालाच हसू फुटले. आधी नाकातून, मग तोंडातून, आणि शेवटी तो पोट धरून लोळू लागला. त्याचे हसू पाहून वरच्या खारीही हसू लागल्या.

"बसा पाहुणे," तो डोळे पुसत म्हणाला. "तो थोर शिकारी मीच. खारी त्या तिथे वर आहेत, आणि खारीएवढ्याच आहेत. पण आमच्याकडचे खेकडे फार चांगले. किती मोठे ते मात्र मी सांगणार नाही. तुम्हीच बघा."

तात्पर्य : दूरच्या शिकारीच्या ओढीने खुशाल हिंडावे, पण आपणच मारलेली थाप मोठी होऊन वाटेत भेटली, तर ती ओळखता आली पाहिजे.